उत्तर आधी

पंत गेल्यापासून माझं बूड एका जागी टिकत नाही. वर्गात शिकवता शिकवता मी खिडकीशी जाऊन उभी राहते, स्टाफरूममध्ये चहा अर्धा टाकून उठते, घरी कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. दुःखानं माणसं गळून जातात म्हणे. मला राग येतो. सगळ्यात जास्त राग दत्तोपंतांचाच येतो, कारण अंक अर्धा जुळवून ठेवून हा माणूस दुपारी जेवून आडवा झाला आणि उठलाच नाही.

दत्तोपंत म्हणजे 'आडवा धागा' या मासिकाचे संपादक. मासिक आपलं म्हणायला, दर महिन्याला ते कधीच निघालं नाही. पंतांना राग आला की निघायचं. भिवंडीत धामणकर नाक्यामागच्या एका गाळ्यात छपाई आणि भिंतीपलीकडे लूमचा कारखाना, त्यामुळे आमच्या सगळ्या चर्चा ओरडून व्हायच्या. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, ही दोघं भांडतायत. बऱ्याचदा आम्ही भांडतच असायचो. मी शाळेत मराठी शिकवते आणि कॉलेज सुटल्यापासून या अंकाची सहसंपादक आहे. म्हणजे प्रूफं तपासायची, अंकांवर पोस्टाची तिकिटं चिकटवायची आणि 'पंत, हे छापलंत तर मार खाल' असं वेळोवेळी सांगायचं.

मार त्यांनी खाल्लाही. एकदा गाळ्याचं शटर कोणी तरी पेटवून दिलं, एकदा नाक्यावर त्यांच्या अंगावर शाई ओतली. तोच शाईचा शर्ट ते पुढे मुद्दाम घालून फिरायचे. पण भिवंडीत पंतांचं नाव झालं ते त्यांच्या एका नियमामुळे. ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याला लेखाचं प्रूफ आधी नेऊन दाखवायचं. त्याचं जे काही उत्तर असेल ते एक शब्द न कापता पहिल्या पानावर छापायचं. आपला लेख त्यानंतर. "आपण मागून वार करत नाही आणि आधीही करत नाही," असं ते म्हणायचे. या नियमापायी गमती व्हायच्या. एकदा पहिल्याच पानावर एका पुढाऱ्यानं ठणकावून सांगितलं होतं, 'गटाराची झाकणं मी विकलेली नाहीत.' लेख आत होता, पण तो वाचायच्या आधीच अख्खं गाव विचारायला लागलं, कुठली झाकणं? पुढारी पंतांना म्हणाला, तुमच्या लेखापेक्षा माझ्या उत्तरानंच माझा घात केला.

नियम मोडला नाही कधी. एकदाच अडला. ती गोष्ट बायजाबाईंची.

बायजाबाई जवळच्याच वळ गावच्या. वळला तेव्हा अजून भातशेती बरीच होती, आणि गोदामवाल्यांची माणसं जमिनीसाठी दमदाटी करत फिरत होती. त्याविरुद्ध मोर्चा निघाला त्यात बायजाबाई सगळ्यांच्या पुढे होत्या, हातात कोयता, पदर खोचलेला. पंतांनी तोच फोटो मुखपृष्ठावर छापला आणि खाली लिहिलं, 'वळची वाघीण'. त्यांना ती बाई म्हणजे केवढी वाटायची! महिनोन्महिने तिच्याशिवाय दुसरं बोलणं नाही. आणि पुढच्याच वर्षी बायजाबाईंनी आपली जमीन गोदामाला दिली. गावात सगळ्यात आधी त्यांनी.

पंत असे खवळलेले मी तोवर पाहिले नव्हते. लेख लिहिला, 'पहिली कुऱ्हाड'. प्रूफ घेऊन वळला गेले. बायजाबाईंनी दार उघडलं नाही. पुन्हा गेले, पुन्हा तेच. शेवटी अंक काढला तेव्हा पहिल्या पानावर वर शीर्षक होतं, 'बायजाबाई यांचं उत्तर', आणि खाली सबंध पान कोरं. त्यांची जागा त्यांच्यासाठी राखून ठेवली, असा त्याचा अर्थ. आम्हा सगळ्यांना ही कल्पना फार थोर वाटली. साहित्यातल्या लोकांची पत्रं आली, वा वा म्हणून.

वळमध्ये त्याचा अर्थ वेगळा लागला. कोणी तरी त्या पानाचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला, कोणी त्याची झेरॉक्स रिक्षास्टँडच्या भिंतीवर चिकटवली. बायजाला उत्तरच नाही. खाल्लं म्हणून तोंड शिवलं. पोरं येता-जाता विचारायची, "आजी, लिवलं का पान?" पुढे एकेक करून साऱ्या गावानं जमिनी दिल्या, पण नाव बायजाबाईंचंच राहिलं. त्यांनी हळदीला, लग्नाला जाणं सोडलं. हे सगळं मला फार उशिरा कळलं, तेही शोकसभेत.

शोकसभा वाचनालयाच्या हॉलमध्ये होती. अध्यक्ष केसरीनाथ. हे आमच्या वाचनालयाचे कार्याध्यक्ष. पंतांनी त्यांच्यावर इतक्या वेळा लिहिलं होतं की पहिलं पान त्यांनी जवळजवळ भाड्यानं घेतल्यासारखं झालं होतं. तेच आता मायक्रोफोन धरून सांगत होते, "दत्तोपंत म्हणजे माझा सख्खा मित्र. मृदू स्वभावाचा, कुणाला न दुखावणारा माणूस." मी खुर्चीत चुळबुळ करायला लागले. पंत आणि मृदू! पुढचे वक्तेही त्याच वळणानं गेले. एकानं त्यांना ऋषितुल्य म्हटलं. शाईचा शर्ट घालून फिरणारे, चहा बशीत ओतून फुर्र करून पिणारे पंत, आणि ऋषी! हार घातलेल्या फोटोत ते नेहमीसारखे कपाळाला आठ्या घालून बघत होते. एवढं एकच त्या हॉलमध्ये खरं होतं.

पहिल्या रांगेत प्रमोदिनीकाकू बसल्या होत्या. पंतांच्या पत्नी. जन्मभर त्यांनी दारावरचे मोर्चे, रात्रीचे घाणेरडे फोन आणि पंतांचा मधुमेह सांभाळला. नवऱ्याबद्दल चारचौघांत इतकं गोड त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या, आणि त्यांचा चेहरा इतका निवला होता की मला केसरीनाथांचा रागही धड करता येईना.

सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मी आभाराला उठणार, तोच मागून आवाज आला.

"मला बोलाचाय."

एक म्हातारी बाई मधल्या वाटेनं पुढे येत होती. बरोबर एक तरुण मुलगी, गळ्यात गोदामाचं ओळखपत्र. मुखपृष्ठामुळे मी म्हातारीला लगेच ओळखलं. केसरीनाथ माझ्या कानाशी आले. "नीरजाताई, आवरा. ही तीच ना? आजचा दिवस नाही हा."

मलाही एक क्षण तसंच वाटलं. मग फोटोतल्या आठ्यांकडे लक्ष गेलं आणि मी माइक बायजाबाईंच्या हातात दिला.

त्यांनी तो उलटा धरला. त्या मुलीनं सरळ करून दिला.

"मी वळची बायजा," त्या म्हणाल्या. "पयली जमीन मी दिली. खरं हाय. मला कोणी फशिवली न्हाय, कोणी दारू पाजून अंगठा घेतला न्हाय. मी माझ्या मर्जीनं दिली. मोर्चात मी गेली ती जबरदस्ती नको म्हणून. गोडाऊन नको असं मी कंदीच बोलली न्हाय. ते ह्यो बोलला." त्यांनी फोटोकडे हात केला. "माझा फोटो काढला तवा यानं मला इचारलं न्हाय, बायजा, तुला शेती आवडते का. न्हाय आवडत. लहानपणापासून चिखलात उभी राह्यली. पायाची बोटं कुजायची माझी, पावसाळाभर चपलीत पाय जात नव्हता. मला सुकं राहाचं होतं. बस. एवढंच."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. कोणी तरी म्हणालं, "बसवा त्यांना." बायजाबाईंनी आवाज चढवला.

"यानं मला शिव्या दिल्या ना, त्याचं काय न्हाय. मी पन दिल्या असत्या. पन यानं कोरं पान सोडलं. माझं नाव वर आन् खाली काय न्हाय. बाई मुकी. गावात मला तोंड दाखवाला जागा ठेवली न्हाय यानं. आज ह्यो चांगला, ह्यो देवमाणूस. आन् मी? मला माझं पान पायजे."

माइक माझ्या हातात देऊन त्या खाली उतरल्या. केसरीनाथांनी घाईघाईनं सगळ्यांना उभं केलं आणि दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली. सगळे माना खाली घालून उभे राहिले. काकू तेवढ्या बसून होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो निवांतपणा कुठल्या कुठे गेला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी काकूंकडे गेले. त्या पंतांच्या टेबलावरचे कागद आवरत होत्या, म्हणजे एका ढिगातून उचलून दुसऱ्यावर ठेवत होत्या. मला बस म्हणाल्या नाहीत. मी उभीच होते, तसंही मला बसवत नव्हतं.

"स्मृतिअंक काढणार ना?"

"हो."

"त्या बाईचं बोलणं छापणार आहेस?"

"काकू, पान मागितलंय त्यांनी. सगळ्यांसमोर. आणि त्यांचं खरं आहे."

"खरंच आहे ते. मी खोटं कुठे म्हणतेय?" काकूंचा हात थांबला. "पण तेरावासुद्धा झाला नाही अजून. काल एकदा, आयुष्यात एकदाच, लोक त्याच्याबद्दल बरं बोलले. तेवढं राहू दे की."

"नियम त्यांचाच आहे."

"नियम त्याचा, माणूस माझा."

मी खिडकीपर्यंत गेले, परत आले. आणि मग जे डोक्यात रात्रभर ठसठसत होतं ते बोलून टाकलं. बायजाबाईंनी जे म्हटलं ते पंतांविरुद्ध होतं. म्हणजे नियमाप्रमाणे पंतांचं उत्तर आधी यायला हवं. पहिल्या पानावर. बायजाबाई त्यानंतर.

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "आणि ते उत्तर तू कुठून आणणार?"

"नाही आणता येणार."

"मग? कोरं?"

"नियमानं तसंच होतं."

"नीरजा, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? वर त्याचं नाव आणि खाली काही नाही? लोक काय म्हणतील? दत्तोपंतांकडे उत्तर नव्हतं असं म्हणतील. तोंड शिवलं त्यांचं, असं म्हणतील. तो आता सांगायला येणार आहे का कुणाला?"

बोलून झालं आणि काकू मटकन खुर्चीत बसल्या. वळच्या रिक्षास्टँडवर हेच बोललं गेलं होतं, नाव तेवढं वेगळं. काकूंना ते माझ्याआधी कळलं असावं. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "तिला असं झालं होतं होय." आणि लगेच म्हणाल्या, "तरी मी कोरं पान चालू देणार नाही. सांगून ठेवते. त्या अंकात माझा एक शब्द येणार नाही आणि मी तो घरात घेणार नाही."

मी चप्पल घालून निघाले ते तडक गाळ्यावर. लूमचा खडखडाट चालू होता. वाटलं, पलीकडे जाऊन सगळे बंद करावेत आणि एकदा शांतपणे विचार करावा. पण लूम बंद पडले की भिवंडीतल्या माणसाला काही तरी बिघडलंय असं वाटून आणखीच सुचत नाही. कोरं पान छापलं तर काकू कायमच्या तुटतात. बायजाबाईंचं छापलंच नाही तर त्या दुसऱ्यांदा मुक्या. नियम गुंडाळून नुसतं त्यांचं छापलं, तर पंतांनी जे जन्मभर कुणाला केलं नाही ते त्यांनाच करायचं, तेही ते नसताना. पंत असते तर मला म्हणाले असते, तुझं तू बघ. असा संताप आला की टेबलावरचं त्यांचं लाल पेन मी फेकून दिलं आणि मग वाकून कपाटाखालून शोधून काढलं.

शेवटी दोन्ही पानं लावून घेतली. पहिल्यावर 'दत्तोपंत यांचं उत्तर' आणि खाली कोरं. दुसऱ्यावर बायजाबाई, जशा बोलल्या तशा. आणि प्रूफं घेऊन वळला निघाले. ज्याचा संबंध आहे त्याला आधी दाखवायचं, एवढा भाग तरी माझ्या हातात होता.

अंजूरफाट्याहून शेअर रिक्षा मिळाली. दोन्ही बाजूंना पत्र्याची गोदामं, कंटेनरांच्या रांगा, मध्येच एखादा भाताचा तुकडा, तोही न कसता पडलेला. बायजाबाईंचं घर नव्यानं बांधलेलं होतं, फरशी, ग्रिल, सगळं. पण दारासमोरचा जुना ओटा त्यांनी पाडला नव्हता. दार उघडंच होतं. शोकसभेत आलेली मुलगी, त्यांची नातसून रंजिता, शिफ्टवरून नुकतीच आली होती. तिनं मला पाणी दिलं. बायजाबाई ओट्यावरच बसल्या होत्या, पायात जाड मोजे.

"आलीस गो बाय," त्या म्हणाल्या. जणू वाटच बघत होत्या.

रंजितानं त्यांचं पान त्यांना वाचून दाखवलं. "बरोबर हाय," म्हणत त्या ऐकत होत्या. एका जागी म्हणाल्या, "बोटं कुजायची, ते राहू दे. लाज कसली?" मग मी पहिलं पान पुढे केलं.

"हे काय?"

मी नियम सांगितला. त्यांनी पान हातात घेतलं, उलटं करून पाठीमागे बघितलं, पुन्हा सुलटं केलं. अक्षर वाचता येत नसलं तरी हे पान त्यांना पाठ होतं.

"ह्याचं नाव हाय ना वर?"

"हो."

"आन् खाली काय न्हाय."

"ते आता उत्तर देऊ शकत नाहीत, आजी."

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. उशिरा का होईना, फिट्टंफाट झाली. त्यांनी पान माझ्या मांडीवर जवळजवळ फेकलं.

"असं नको. बायको हाय त्याची घरात. माझ्या घरात माझी नातवंडं होती, त्यांनी शाळेत काय काय ऐकलं ते मला ठाव हाय. कोरं नको सोडू."

"मग काय करू? तुमचं छापायचंय आणि त्यांचं आधी हवं. काय लिहू मी त्यांच्या वतीनं? चूक झाली म्हणून लिहू? ते कधी म्हणाले नाहीत तसं!" माझा आवाज चढला होता. रंजिता आतून डोकावली.

बायजाबाईंनी पायातले मोजे वर ओढले. "बोलला न्हाय, खरं हाय," त्या म्हणाल्या. "पन येयाचा."

"कोण यायचं?"

"तो. पंत. दर दिवाळीच्या आधी येयाचा. हितं बसायचा, तू बसलीस तितं. अंक काढून इतकी वर्षं झाली तरी येयाचा. गुडघे दुखायचे त्याचे, रिक्षातून उतरताना मी खिडकीतून बघाची. दारातून हाक मारायचा, बायजाबाई, पयलं पान अजून तुमचं हाय, या. दरसाल. मी दार उघडलं न्हाय. मग बसून बसून, पिशवी उचलून जायाचा."

मला हे माहीत नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर ते दिवसभर गायब असायचे एवढं माहीत होतं, आणि आल्यावर उगाच माझ्यावर खेकसायचे.

"का नाही उघडलंत?" मी विचारलं.

"पयलं पयलं रागानं. मग..." त्या ओट्यावरून हात फिरवत राहिल्या. "मग मी त्याला काय सांगनार होती? मला शेती आवडत न्हाय, म्हणून? त्याला केवढी आवडाची शेती! कंदी केली न्हाय ना त्यानं. तोंड उतरलं असतं त्याचं. ते मला बघाचं नव्हतं. तो मेला म्हणून तर मी बोलाला आली. जिता असता तर नसतं झालं माझ्याच्यानं."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याचाही मला राग आला. या दोघांनी काय चालवलं होतं इतकी वर्षं! एक जण ओट्यावर, एक जण खिडकीत.

"लिव," बायजाबाई म्हणाल्या. "त्याच्या पानावर लिव. पंत दर दिवाळीला येयाचा. पान तुमचं हाय म्हणायचा. मी दार उघडलं न्हाय. एवढं लिव. ते खरं हाय, आन् ते त्याच्या बाजूचं हाय."

"खाली नाव कुणाचं घालू?"

"माझं घाल. त्याचं वर हाय ना."

मी लिहिलं. रंजितानं ते पानावर स्वच्छ अक्षरात उतरवून दिलं.

तिथून निघाले ती थेट काकूंच्या दारात. संध्याकाळ झाली होती, काकूंनी देवापाशी दिवा लावला होता. मी पान त्यांच्या हातात ठेवलं. वर 'दत्तोपंत यांचं उत्तर', खाली रंजिताच्या गोल अक्षरात तेवढ्या चार ओळी, आणि त्याखाली 'बायजाबाई, वळ'.

काकूंनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"दर दिवाळीला?"

"असं म्हणतात त्या."

"मला सांगायचा, कागद बघायला मुंबईला जातो. मी डबा करून द्यायचे." काकूंनी चष्मा पुन्हा काढला. "खोटारडा मेला. डबा कुठे खायचा मग?"

"ओट्यावरच खात असतील."

त्या हसल्या आणि त्याच दमात रडल्या, हुंदके देऊन, पंत गेले त्या दिवशीही रडल्या नव्हत्या इतक्या. मी त्यांच्या शेजारी बसले. कितीतरी दिवसांनी मी कुठे तरी नीट बसले होते.

थोड्या वेळानं त्यांनी हात पुढे केला. "पेन दे."

पंतांचं लाल पेन माझ्या पर्समध्येच होतं. शेवटच्या प्रुफावर पंत कोपऱ्यात एकच शब्द लिहायचे, त्याशिवाय यंत्रावर कागद चढायचा नाही. काकूंनी पान गुडघ्यावर धरलं आणि त्याच कोपऱ्यात लिहिलं, 'छापा'. मग पेनाला टोपण लावत म्हणाल्या, "यंदा दिवाळीच्या आधी मी जाते वळला. कोणी तरी जायला हवं ना."